आमचा माणूस लवकरच येईल

"जाहिरात घेणाऱ्यांना दाखवायची की विकणाऱ्यांना, ते आज ठरवून टाका भाऊ. दोन्हीकडे पैसा ओतण्यात अर्थ नाही," असं म्हणत मृणालीनं लॅपटॉप प्रेमराजकडे वळवला.

प्रेमराज जळगावातला घर-प्लॉटचा एजंट. मृणाली त्याच्या ऑनलाइन जाहिराती सांभाळायची. पंधरा दिवस तिनं दोन जाहिराती चालवून पाहिल्या होत्या. फ्लॅट घेणाऱ्यांच्या जाहिरातीवर ढीगभर लोक आले, सगळ्यांनी भाव विचारला आणि गप्प झाले. दुसरी जुनी घरं विकू पाहणाऱ्यांसाठी होती. ती प्रेमराजचीच कल्पना. साठीच्या पुढच्या बायका, लहान गावं, जळगाव-धुळ्याचा पट्टा. नाव कुणाचंच टाकायचं नाही; नाव दिसलं की माणसं सावध होतात. वाक्यही त्यानंच लिहून दिलं होतं आणि मृणालीच्या आवाजात भरून घेतलं होतं : "आई, एवढ्या मोठ्या घरात एकट्याच राहता? आम्हाला सांगा."

"हिच्यावर नऊच जणी आल्या," मृणाली म्हणाली, "पण मनातलं बोलल्यात. लिहिता येत नाही, म्हणून निरोप बोलूनच पाठवतात."

"वाक्यच तसं बसलंय," भागीदार किरण खुर्चीत रेलत म्हणाला. "भाऊनं आई म्हटलं, की भिंतसुद्धा उतारा काढून हातात देईल."

प्रेमराज हसला. "लाव एखादा."

मृणालीनं गेल्या शनिवारी आलेला निरोप लावला. आधी भांडं ठेवल्याचा आवाज आला, मग सावकाश कुणी बोलू लागलं.

"बेटा, तू माले आई म्हनी, म्हनीसन बोलस. घर इकनं का नई ते मंग देखूत. पहिले तुम्ही घर तर या. सोमवारले येऊ नका, मना उपास ऱ्हास. मंगळवारले या. दालबट्टी करसू."

"घ्या," किरण म्हणाला. "घर बघायच्या आधीच पंगत."

प्रेमराजच्या हातातला चहा ओठांपाशीच थांबला. आवाज त्याच्या गावचा, कापडण्याचा होता. त्याच्या आईचा.

वडील गेले तेव्हापासून तिनं एकही सोमवार मोडला नव्हता. महादेवाला बेल वाहिल्याशिवाय ती पाणीही तोंडात घेत नसे. ज्या फोनवरून ती बोलली, तो त्याचाच जुना. दिवाळीला त्यानंच नेऊन दिला होता, रोज बोलता येईल म्हणून.

"मंगळवारी कोण गेलं होतं?" त्यानं विचारलं.

"कोण जाणार भाऊ? आपलं अजून जाहिरातीचंच ठरत नाहीये," मृणाली म्हणाली. "उत्तर मात्र जातं लगेच, आपोआप. या आजींचा काल संध्याकाळी अजून एक आलाय बघा."

तिनं तोही लावला.

"बेटा, मंगळवार गया. बट्ट्या झाकी ठेयेल शेतस. कोन्ही उनं नई." मग भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज. "ऱ्हाऊ दे. काम व्हई तुमले."

काम व्हई. काम असेल. प्रत्येक फोनच्या शेवटी ती त्याला हेच म्हणायची, तो काही सांगायच्या आत.

"सगळ्यांत पक्की हीच," मृणाली म्हणाली. "कुणी जरा जाऊन बसलं तर विकतीलही. मग ठरलं ना भाऊ? विकणाऱ्यांचीच चालू ठेवू?"

प्रेमराजनं चहा खाली ठेवला. तो लॅपटॉपकडे बघत होता. आईच्या पहिल्या निरोपाखाली त्यानंच लिहून दिलेली ओळ होती. दुसऱ्याखालीही तीच होती, निरोप आला त्याच मिनिटाला गेलेली :

"आई, आमचा माणूस लवकरच येईल."