खुर्चीचा मान

"खुर्चीला हात लावू नकोस!"

रुडी कुचेरा पायऱ्यांवरूनच ओरडला. पायात सपाता, अंगात नुसता सदरा, आणि बाहेर शिकागोचा जानेवारी. पण प्रसंगच तसा होता. अख्ख्या गल्लीत गाडी लावायला एकच जागा मोकळी होती, ती त्याच्या दारासमोर. तिच्या मधोमध एक पिवळी, स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवलेली होती. आणि शेजारच्या ओडेटनं गाडीतून उतरून त्या खुर्चीची पाठ धरली होती.

"मिस्टर कुचेरा, मी इस्पितळातून रात्रपाळी करून येतेय. अर्धा तास नुसती गोल गोल फिरतेय. पाच दिवस झाले, ही खुर्ची इथंच. गाडी काही येत नाही."

"न येऊ दे! ज्यानं बर्फ उपसला, जागा त्याची. शिकागोत खुर्ची ठेवली की विषय संपला."

"पण जागा तर तुमच्याच दारासमोर आहे."

हे मात्र वर्मी लागलं. रविवारच्या वादळात रुडी मुलाकडे अडकला होता. मंगळवारी परत आला तो काय, त्याच्या दारासमोरची जागा कुणीतरी फावड्यानं उपसून मोकळी केलेली, आणि तिथं कॅझची खुर्ची. कॅझ द्रोझ्द, समोरच्या घरातला, एक्क्याऐंशीचा विधुर, चौतीस वर्षांचा शेजारी. रुडीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझ्या दारात? मला न विचारता? म्हातारा जागा धरून गाडी घेऊन मुलीकडे मिलवॉकीला गेला असणार, दुसरं काय!

पण नियम तो नियम. रुडीनं राग गिळला आणि आपली गाडी तीन गल्ल्या पलीकडे लावली. येऊ दे त्याला, मग बघतो, असं म्हणून त्यानं कॅझच्या दाराकडे पाठच फिरवली. आपला मोठेपणा मात्र त्यानं न्हाव्याकडे सांगितला, बेकरीत सांगितला, दारूच्या गुत्त्यात दोनदा सांगितला. "स्वतःच्या दारातली जागा सोडली, पण खुर्चीला बोट लावलं नाही. हे फक्त शिकागोत!" सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकागोकराला दुसरं काय हवं असतं?

आता तर समोर साक्षात न्यूयॉर्कची बाई उभी होती. आठ महिन्यांपूर्वी इथं राहायला आलेली. रुडीला चेव चढला.

"तुमच्या न्यूयॉर्कात चालत असेल, दिसली जागा की घुसव गाडी. तिथं शेजारी घरात मरून पडला तरी वास सुटेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. इथं आम्ही माणसाला माणूस धरून राहतो, कळलं? त्याची साधी खुर्चीसुद्धा हलवत नाही."

ओडेटनं हात मागे घेतला. खुर्चीच्या बैठकीवर चार बोटं बर्फ साचला होता. सोमवारी रात्री पुन्हा पडला होता तो, कुणी झटकलाही नव्हता. मग तिनं विचारलं, "मिस्टर द्रोझ्दना तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

रुडीनं रस्त्यापलीकडे पाहिलं. समोर कॅझच्या दारावरचा दिवा जळत होता. सकाळचे दहा वाजले होते. दिवा कालही जळत होता, परवाही. म्हाताऱ्याला वीज फुकट मिळते वाटतं, असं म्हणून रुडी हसलाही होता. पायऱ्यांवरच्या बर्फात एकही पाऊल उमटलेलं नव्हतं.

ओडेट तोवर रस्ता ओलांडून घंटा दाबत होती. मग तिनं दारावर मुठी आपटल्या. जादा किल्ली कुंडीखाली असते, हे चौतीस वर्षांत रुडीला पाठ झालं होतं. त्यानं ती काढून दार उघडलं.

कॅझ स्वयंपाकघरात जमिनीवर होता. अंगात कोट, एका पायात बूट. टेबलावरचं कापड खाली ओढलेलं, हाताशी पाण्याची रिकामी बाटली. ओडेटनं गुडघे टेकून त्याच्या मानेवर बोटं ठेवली आणि उचलली.

"खुबा मोडलाय," ती हळू म्हणाली. "लगेच नाही गेले हो. एक-दोन दिवस तरी..."

रुडीनं मागच्या खिडकीतून पाहिलं. बोळात बर्फ कमरेइतका होता, गराजचं दार त्यात बुडालेलं. कॅझची गाडी कुठंही गेली नव्हती. टेबलाशी एकच खुर्ची होती. टेबलावर मात्र कप दोन होते, दोन्ही कोरडे.

पोलीस आले, कॅझला घेऊन गेले. गल्ली जमली, हळहळली. "आपल्या गल्लीत असं व्हावं?" कुणीतरी म्हणालं. एरवी याचं उत्तर रुडीच्या जिभेवर असायचं. तो गर्दीतून बाहेर पडला आणि रस्त्यावर खुर्चीपाशी आला. मुलगी मिलवॉकीहून येईल, तिच्यासाठी तरी खुर्ची घरात हवी. पाच दिवसांत पहिल्यांदाच त्यानं खुर्चीला हात लावला. त्यानं उघड्या हातानं बैठकीवरचा बर्फ झटकला.

खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद चिकटपट्टीनं लावलेला होता. अक्षर कॅझचं, मोठं आणि थरथरतं.

"रुडी, तुझी पाठ धरते म्हणून तुझी जागा मीच साफ केलीय. गाडी लाव आणि खुर्ची घेऊन ये. कॉफी टाकतो."