निम्मा बाक

"वाक बाळ. हात जुळव, गुडघे ताठ ठेव आणि डोकं खाली सोड."

मुलगी वाकली. डॉक्टर लबीब तिच्यामागे खुर्ची ओढून बसले आणि सुतार फळीच्या कडेवरून बघतो तसे एक डोळा मिटून तिच्या पाठीवरून बघू लागले. तिचा बाप सब्री बाजूला उभा होता. कुवेतमध्ये उंच इमारतींबाहेर लोंबकळून एसी बसवताना त्याची छाती कधी धडधडली नव्हती. ती आता धडधडत होती.

गावच्या, दमनहूरच्या डॉक्टरने निकाल देऊन टाकला होता. हनीनच्या कण्याला पन्नास अंशांचा बाक आहे, वाढीचं वय आहे, पाठ उघडून सळ्या घालाव्या लागतील. बायकोने, इन्साफने, हे फोनवर सांगितलं आणि सब्रीने मालकाशी भांडून रजा काढली. दोन वर्षांनी घरी आला तो एकच हट्ट घेऊन. अलेक्झांड्रियाच्या मोठ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय माझ्या पोरीला कुणी सुरी लावायची नाही.

परवा दारातच त्याने दोन्ही पोरींना एकदम कवेत घेतलं. हनीन आणि रिहाम जुळ्या, चेहऱ्याने अगदी सारख्या. रिहामची काळजी नव्हती. ती दिवसभर गच्चीवर दोरीवरच्या उड्या मारायची आणि बहिणीच्या वाटचं भांडणही स्वतःच भांडून यायची. "देवाने एकीला तरी सरळ ठेवलं," इन्साफ म्हणायची. काल जेवताना ऑपरेशनचा विषय निघाला आणि हनीन ताटावरून रडत उठली. तिला गप्प केलं तेही रिहामनेच.

"तुला कुणी कापणार नाही," ती म्हणाली. "मी आहे ना."

ते ऐकून सब्रीला भरून आलं होतं. मुली आपल्यामागे किती शहाण्या झाल्या, असं त्याला वाटलं.

इन्साफ शिक्षिका. शाळेत परीक्षा चालू होती, म्हणून ती आज उजाडायच्या आतच गेली होती. सब्री तोंड धुऊन बाहेर आला, तर खांद्यांचा उंचसखलपणा झाकायला आईने आणलेलं ढगळ राखाडी जाकीट घालून मुलगी दारात तयार उभी. दुसरी अजून पांघरुणात गुरफटलेली होती.

"शाबास हनीन," तो म्हणाला. "डॉक्टरकडे जायला एवढी घाई असलेली पोर मी पहिल्यांदा बघतोय."

गाडी सुटल्यावर मुलीने हळूच सांगितलं, पाठीचा जुना एक्स-रे फोटो घरी पलंगावरच राहिला. सब्रीने कपाळावर हात मारला. पण बाहेर हिरवीगार शेतं पळत होती, आज काहीतरी चांगलं घडणार असं त्याला सारखं वाटत होतं, आणि असल्या दिवशी पोरीला रागवायचं त्याच्या जिवावर आलं.

"बाक आहे," डॉक्टर लबीब म्हणाले.

मुलगी ताडकन सरळ झाली. "नाहीये. माझी पाठ सरळ आहे. तुम्ही पुन्हा बघा."

"इथे येणारं प्रत्येक मूल मला हेच सांगतं." डॉक्टर हसले. "जा, फोटो काढून ये. मग त्यालाच विचारू."

बाहेरच्या खोलीत सब्री येरझाऱ्या घालू लागला. मदतनीस वैतागला. "बसा हो हाजीसाहेब."

"मी अजून हजला गेलेलो नाही."

"मग चहा येईपर्यंत बसा, नंतर खुशाल जा."

सगळे हसले. सब्रीही हसला, आणि हसता हसताच पुन्हा उठून उभा राहिला.

फोटो आला. डॉक्टरांनी तो दिव्यावर लावून पट्टीने रेघा ओढल्या. "चोवीस अंश."

"चोवीस? पण तिकडे तर पन्नास म्हणाले होते."

"तो फोटो मला पाठवा. तो बघितल्याशिवाय मी त्यांना खोटं पाडणार नाही. पण हा फोटो माझ्यासमोर काढलेला आहे, आणि या कण्याला सुरी नको. वाढ थांबेपर्यंत कडक पट्टा घालायचा, व्यायाम करायचा आणि अधूनमधून मला दाखवत राहायचं."

सब्रीने टेबलाला वळसा घालून डॉक्टरांच्या डोक्याचा मुका घेतला. त्याला हुंदका आवरेना. मुलगी फोटोकडे एकटक बघत होती.

"हा माझाच आहे?" तिने विचारलं. "बदलला नाही ना कुणाचा?"

"तुझाच, राणी," सब्री म्हणाला. "आनंद झाला की माणसाला खरंच वाटत नाही."

खाली रस्त्यावर समुद्राचा वारा होता. सब्रीने उसाच्या रसाचे दोन मोठे पेले घेतले आणि रसवाल्याला न विचारताच सगळी कहाणी ऐकवली. माझ्या पोरीला कापायला निघाले होते, निम्माच बाक निघाला. रसवाल्याने मुबारक म्हणत पैसे घ्यायला नकार दिला. सब्रीने ते बळेच त्याच्या खिशात कोंबले. आज त्याला अख्ख्या अलेक्झांड्रियाला रस पाजावासा वाटत होता.

मुलीचा पेला तसाच होता. एक हात जाकिटाखालून तिच्या पाठीवर गेला होता, आणि ती बोटांनी एकेक मणका चाचपत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"रडतेस काय वेडे? पट्टा घालून शाळेत जाशील, त्याला काय एवढं."

"बाबा, आपण घरी जाऊ," ती म्हणाली. "मला मम्माशी बोलायचंय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. इन्साफच होती. तिला तोंड उघडू न देता सब्री सुटला. "ऑपरेशन नाही! चोवीस निघाले, चोवीस! मी म्हणत नव्हतो? नुसता पट्टा घालायचा. आणि तुझी पोर डॉक्टरशीच भांडली, माझी पाठ सरळ आहे म्हणून. ऐकतेयस ना? आनंदाने वाचा बसली का तुझी?"



"सब्री," इन्साफ म्हणाली, "हनीन घरीच आहे. तू रिहामला घेऊन गेलायस."