कोपऱ्यावरची जागा

कॅसिमिर गुर्स्की स्वयंपाकघरात उभा राहून नगर समितीपुढे भाषण करत होता. समिती म्हणून टेबलाशी त्याची मुलगी बर्नाडेट बसली होती, राय ब्रेडला लोणी लावत.

"सन्माननीय सदस्यहो, मी या गल्लीत लग्न करून आलो आणि इथूनच बायकोला पोचवलं..."

"हे मागच्या वेळीही म्हणाला होतास."

"मागच्या वेळी जिंकलोही होतो. मध्ये बोलू नकोस, बर्नी."

कोपऱ्यावरची बेकरी बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. त्या जागेत आता पुन्हा पिवळा फलक रोवला होता: तीन मजली इमारत, खाली दुकानं, वर भाड्याचे फ्लॅट. क्लोव्हर स्ट्रीटपुरता शहराचा नियम साधा होता. एका जमिनीवर एका कुटुंबाचं एक घर. इमारत बांधायची तर त्या तुकड्यापुरता नियम बदलायला हवा, आणि नियम बदलण्याआधी समितीने रहिवाशांचं ऐकून घ्यायला हवं. चार वर्षांपूर्वी अशीच एक इमारत कॅसिमिरने उभी राहू दिली नव्हती.

"आपण गेलो नाही तर ते परस्पर ठरवून मोकळे होतात," तो म्हणाला. "मग बसा घरात कुरकुरत. आणि लोक जातच नाहीत. टीव्हीवर मॅच लागली की झालं."

"वेळ संपला, डॅड."

"एवढ्यात? अजून सावलीचा मुद्दा राहिलाय. कोलारबाईंच्या टोमॅटोंवर सावली पडणार."

"टोमॅटोंना कोण विचारतंय?"

"टोमॅटोंना नाही. पण बाईंना तोंड आहे, आणि ते बंद होत नाही."

बर्नाडेट हसली. त्याने उरलेलं सूप बरणीत भरून तिच्या पिशवीत ठेवलं आणि उजेड आहे तोवर निघ म्हणाला.

"तुला त्या हायवेच्या कडेला काय आवडतं कोण जाणे," दारात तो म्हणाला. "दीड तास जायला, दीड तास यायला."

"सवय झालीय."

"पुढच्या रविवारी?"

"येते."

सोमवारी सकाळी कॅसिमिरने कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला नेऊन ठेवला, परत आला आणि तळघराच्या जिन्यावरून पडला.

गाडी येऊन डबा रिकामा करून गेली. क्लोव्हर स्ट्रीटवर रिकामा डबा संध्याकाळच्या आत घरामागे न्यायची रीत आहे. मंगळवारी कोणीतरी त्याच्यावर चिठ्ठी चिकटवली, कृपया डबा आत घ्यावा. बुधवारी कोलारबाईंनी आपल्याकडची किल्ली लावून दार उघडलं.

बर्नाडेटने विचारलं म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. सोमवारचा सगळा दिवस तो जिवंत होता. बहुधा रात्रीसुद्धा.

"मला वाटलं, तुझ्याकडे गेला असेल," शनिवारी दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये कोलारबाई म्हणाल्या. त्यांच्या हातातल्या बशीत हॅमचं सँडविच तसंच होतं. "पण दिवा चालू दिसत होता गं. माझ्या डोक्यातच आलं नाही."

"माझ्याकडे तो कधी राहायला आला नाही," बर्नाडेट म्हणाली. "सोफ्यावर झोपावं लागलं असतं."

कोलारबाईंनी डोळे पुसले. मग जरा जवळ सरकल्या.

"गुरुवारी सुनावणी आहे. त्याचं भाषण तू वाच."

"मी इथे राहत नाही, मिसेस कोलार."

"कोणालाही बोलता येतं. नाव-पत्ता सांगायचा, झालं. मागच्या वेळचं आठवतंय ना? त्याचा वेळ संपला होता, मग वरची दोन मिनिटं बोलला, आणि त्या दोन मिनिटांत ती मधल्या खुर्चीतली बाई फिरली. एका मताने वाचलो आपण. या वेळी ते मत त्याच्या नावाने मिळेल."

नाही म्हणायला जी ताकद लागते ती बर्नाडेटकडे उरली नव्हती. तिने मान हलवली.

गुरुवारी समितीची खोली भरली. क्लोव्हर स्ट्रीटने तीन रांगा धरल्या होत्या. इमारतीच्या बाजूने बिल्डरचा वकील एकटाच होता. त्या फ्लॅटांमध्ये जे राहायला येणार, ते कुठे कुठे पांगलेले होते. असल्या सुनावण्यांना ते येत नसतात.

प्रत्येकाला दोन मिनिटं, आणि स्वतःला बोलायचं नसेल तर ती दुसऱ्याला देता येतात. कोलारबाई पहिल्या उठल्या.

"माझी मिनिटं कॅसिमिरच्या मुलीला."

मागून एक एक जण उठू लागला. शेजारचा एड प्रुसाक उभा राहिला, टोपी हातात घेऊन. "माझीही तिलाच. मला बोलता येत नाही, हवं तर बायकोला विचारा."

काही जण हसले. बर्नाडेट उठून माइकपाशी गेली. तिच्या मागे सगळी गल्ली होती आणि हातात वडिलांच्या भाषणाचा कागद.

"तुमच्या वडिलांचं ऐकून वाईट वाटलं," मधल्या खुर्चीतली बाई म्हणाली. "वेळ भरपूर आहे तुमच्याकडे. नाव, पत्ता, आणि बाजूने की विरोधात, तेवढं आधी सांगा."

बर्नाडेटने नाव सांगितलं. पत्ता सांगितला, फ्लॅटच्या नंबरासकट. बाजूने की विरोधात, ते सांगितलं नाही. मागून कोलारबाई हळूच म्हणाल्या, "वाच, पोरी."

तिने कागद उघडला नाही.

"मागच्या सुनावणीला मी डॅडच्या शेजारी बसले होते," ती म्हणाली. "त्याचा वेळ संपला. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मी माझी दोन मिनिटं त्याला देऊन टाकली. ती मी इमारतीच्या बाजूने बोलायला मागितली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटसाठी मी नाव दिलं होतं. त्याला ते कधी कळलं नाही. मला त्याच्याजवळ राहायला यायचं होतं."