यानाच्या खोलीतला ठिपका

दुसऱ्या बशीतही ठिपका उगवला होता. मोहरीएवढा, पिवळसर. तपासनीस बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तो काही जायचं नाव घेईना.

यान जोडायच्या निर्जंतुक खोलीत जायचं, मंगळावर निघालेल्या यानाच्या अंगावरून ओला बोळा फिरवायचा, तो बशीतल्या जंतूंच्या खाऊवर टेकवायचा आणि काही उगवत नाही ना ते बघायचं, हे बाईंचं काम. तिकडे जीव शोधायला जाताना इथलाच जीव सोबत गेला, तर सगळंच मुसळ केरात.

बाई बशा घेऊन प्रमुखांच्या खोलीकडे निघाल्या, पण पाय उचलत नव्हता. प्रमुखांना सगळे पाठीमागे आजोबा म्हणत. परग्रहावर कोणी आहे का, या एका प्रश्नापायी त्यांचे केस पिकले होते. आता यान थांबलं की मंगळ पुन्हा जवळ येणार दोन वर्षांनी, आणि आजोबा तर यंदाच निवृत्त व्हायचे होते. बाईंनी बशा त्यांच्या टेबलावर ठेवून सगळं सांगितलं, तसा तिथे बसलेला इंजिनिअर म्हणाला, एका ठिपक्याचं काय घेऊन बसलात, पुसून टाका की.

आजोबा भिंगावर वाकले ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग म्हणाले, "त्या खोलीत पाणी नाही, माती नाही, वर तुम्ही रोज औषधाने पुसता. हा जगला कशावर?"

"त्या औषधावरच, सर. मलाही खरं वाटेना, म्हणून दुसऱ्या बशीत त्याला खाऊऐवजी नुसतं औषधच घातलं. मारायला जे फासतो, तेच खातोय तो."

स्वतःच्याच तोंडून हे ऐकताना बाईंच्या अंगावर काटा आला. आतापर्यंत त्यांना ही नुसती डोकेदुखी वाटत होती.

आजोबांनी फोन उचलला आणि यान थांबवायला सांगितलं. इंजिनिअरचा चेहरा पडला. तो चाचरत म्हणाला, मग सरांच्या कारकिर्दीत... पुढचं त्याने गिळलं.

"अरे, आपल्या त्या खोलीत जर कोणी संसार थाटतो," आजोबा म्हणाले, "तर तिकडे कोणीच नसेल, असं कुठल्या तोंडाने म्हणू?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते.

नियमाप्रमाणे बशा आता वाफेच्या भट्टीत जायच्या होत्या. बाईंनी हात पुढे केला.

"थोड्या वेळाने," आजोबा म्हणाले. आणि झोपलेल्या बाळाच्या तोंडावरचा उजेड सारावा, तशी त्यांनी टेबलावरच्या दिव्याची मान हलकेच दुसरीकडे वळवली.