ठासणीची बंदूक

सोमवारी सिंधूला नोकरीवर हजर व्हायचं होतं, आणि दिवसभर घरात माणूस म्हणजे एकटे सासरे, आप्पासाहेब. सात महिन्यांच्या नातीला त्यांनी अजून एकदाही उचललं नव्हतं. विचारलं की म्हणायचे, "माझे हात लई राठ हायेत, पोरी."

रविवारी तिनं माळ्यावरची त्यांच्या आजोबांची ठासणीची बंदूक काढून त्यांच्यापुढं ठेवली. नळीला गंज चढलेला, लाकडी दस्त्यावर बुरशी.

"आप्पा, तारेच्या घासणीनं घासू का?"

"येडी झालीस का! ओरखडे पडतेत." त्यांनी बुरशी कोरड्या सुती फडक्यानं पुसून काढली, गंजावर शिलाई मशीनचं तेल सोडलं आणि वाट बघत बसले. "आधी मऊ होऊ द्यायचं. मग बोटानं, हळूहळू."

"आन् तरीबी न्हाई निघाला तर?"

"तर ऱ्हाऊ द्यायचा थोडा. जोर न्हाई करायचा."

सिंधूला एवढंच बघायचं होतं. ती आत गेली आणि लेकीला घेऊन त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

आप्पांनी सुनेकडं बघितलं, नातीकडं बघितलं. मग रिकाम्या बंदुकीचं तोंड भिंतीकडं वळवलं, धोतराला हात पुसले आणि पुढं केले.