तीन दिवसांचा ताप

सुई दंडात गेली आणि नऊ महिन्यांच्या पोरीने लसीकरणाची खोली डोक्यावर घेतली. रांगेतल्या आया वळून बघू लागल्या. पोरीची आई तेवढी शांत होती. तिला दिसत होतं ते फक्त वासलेलं तोंड आणि लालबुंद गाल. ती जन्मापासून बहिरी.

"खूप मोठ्यांदा रडतेय?" तिने एका हाताच्या खुणांनी आपल्या आईला विचारलं.

"गल्ली गोळा होईल आता," आजीनेही खुणांनीच सांगितलं. लेक हसली.

नर्सने दंडावर कापूस दाबून धरला. "गोवर आणि रुबेलाची लस आहे ही. रुबेला म्हणजे पोरांना नुसता बारीक ताप. पण गरोदर बाईला झाला, तर पोटातलं बाळ बहिरं जन्मू शकतं. आता सगळे लस घेतात, त्यामुळे आपल्या भागात वर्षानुवर्षं दिसत नाही म्हणा."

"काय म्हणाली?" लेकीने विचारलं.

आजीचे हात अडकले. जगाचं बोलणं लेकीपर्यंत पोचवायचं काम त्या हातांनी आजवर इमानेइतबारे केलं होतं. कुणी दिलेल्या शिव्यासुद्धा गाळल्या नव्हत्या. फक्त एक गोष्ट त्यांनी कधीच सांगितली नव्हती. लेक पोटात असताना आजीला तीन दिवस ताप आला होता, अंगावर पुरळ उठलं होतं. चौथ्या दिवशी ती धुणं धुवायला बसली. तेव्हा ही लस इथे मिळतच नव्हती. यात तुमचा काही दोष नाही, असं डॉक्टरांनी शंभरदा सांगूनही तिला ते पटलं नव्हतं. शेजारणी आपल्या पोरांवर वैतागायच्या, "सारखं काय आई, आई? जरा दम धर ना!" तसं एकदा तरी वैतागायला मिळावं म्हणून तिचा जीव तुटायचा.

रात्री ताप येईल म्हणाली, एवढं सांगून सुटता आलं असतं. पण आजीने सगळं सांगून टाकलं. नर्स काय म्हणाली ते, आणि आपला तो ताप, ते पुरळ, तिसरा महिना. लेकीच्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती. आता ही आपल्यापासून कायमची तुटणार, असंच तिच्या मनाने घेतलं.

पोरगी अजून मुसमुसत होती. बाहेर कुठेतरी दार आपटलं, तशी तिने दचकून तिकडे मान वळवली. लेक ते बघत राहिली.

मग तिने पोरीला आजीच्या मांडीवर दिलं आणि आपले दोन्ही हात मोकळे केले.

"ही आता बोलायला लागेल," तिने सांगितलं. "दिवसभर मला आई, आई करत सुटेल. ओ तू देत जा."