पोत्यांची शर्यत

आमच्या उत्तनच्या शाळेत हिवाळी खेळ होते. पोत्यांच्या शर्यतीला पोतीच मिळेनात, तेव्हा ॲशलीच्या आजीने सुके बोंबील भरायची पाच पोती धुऊन दिली. तिसरीतली ॲशली म्हणजे प्रत्येक शर्यतीत ठरलेली शेवटची.

मी शिट्टी वाजवली, आणि भिंतीवरून तीन मांजरं थेट मैदानात! बाकी सगळी पोरं सोडून ती ॲशलीच्याच पोत्यामागे लागली. पोरगी किंचाळत, खिदळत अशी काही उड्या मारत सुटली की सगळ्यांच्या आधी रेषेपार.

मी हसत विचारलं, "कार्मिनआजी, एक पोतं धुवायचं राहिलं वाटतं?"

"न्हाय टीचर, पाचही धुतली. मग ॲशलीच्या पोत्यात दोन बोंबील मीच टाकले."